पुरुष तपासणीला का येत नाहीत?



या अंकाचा अभ्यासपाठ जरा अवघड विषयावर आहे. आपले पत्रक अनेक घरांत मुलेही वाचतात, म्हणून तो छापावा की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. पण शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या वस्त्यांसाठी आपण प्रार्थना करता, कपडे-धान्य पाठवता, तेथल्या बायकांच्या पदरात हा आजार येऊन पडतो, आणि तो कोणत्या वाटेने आला याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. म्हणून छापायचे ठरले. महिला मंडळात आणि पुरुषांच्या सभेत हा पाठ वेगवेगळा वाचला तरी चालेल. मात्र पुरुषांच्या सभेत तो वाचायचा राहून जाऊ नये.

सुरुवात एका कागदापासून करू. सरकारी दवाखान्यात गरोदर बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला गेली की तिचे हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर पाहतात आणि तिला विचारून एचआयव्हीची तपासणीही करतात. यामागचा हेतू चांगला आहे. आईला लागण असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ इतकी असते. औषध वेळेवर सुरू झाले तर ती ५ च्या खाली येते. या एका तपासणीने कितीतरी लेकरे वाचली. पण त्याच तपासणीची दुसरी बाजूही आहे. घरात एचआयव्हीची पहिली बातमी पुष्कळदा बाईच्या कागदावर येते. नवऱ्याची तपासणी तोवर झालेलीच नसते. ज्याचा कागद आधी आला त्यानेच आजार आणला, असा सरळ हिशेब सासरचे मांडतात. सासू म्हणते, "माहेरून घेऊन आली." नवरा खाली मान घालून बसतो. त्याला माहीत असते, किंवा निदान शंका असते. तो बोलत नाही.

पुरुषाच्या आयुष्यात असा तपासणीचा टप्पा येतच नाही. तो दवाखान्यात जातो तो ट्रॅक्टरखाली पाय सापडला, विंचू चावला किंवा दारूने पोट धरले तर. क्षयरोग निघाला किंवा गुप्तरोगाचा त्रास घेऊन गेला तर तेथे एचआयव्हीचीही तपासणी सुचवतात. एरवी त्याने स्वतः उठून जायचे. सरकारी योजनेतही त्याची जागा अशीच मधली आहे. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसाठी प्रकल्प आहेत. त्यांत दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी असा दंडक आहे. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना 'सेतू गट' म्हणतात, कारण त्यांच्यामार्फत लागण एका गटातून सर्वसाधारण घरांपर्यंत पोहोचते; त्यांच्यासाठीही थोडेफार काम चालते. पण पैसे देऊन जाणारा जो पुरुष ट्रक चालवत नाही आणि परगावचाही नाही, तो कोणत्या यादीत आहे? उसाचे बिल हातात आलेला बागाईतदार, गुऱ्हाळावरचा गुळव्या, कंपनीतला कंत्राटी कामगार, दुकानदार, कॉलेजचा मुलगा, बंदोबस्तावरून परतलेला शिपाई यांची यादी कोणाकडेच नाही.

ही वाट पुणे जिल्ह्यात फार पूर्वीच दिसून आली होती. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला सापडली. १९९२ साली भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पुढच्या वर्षापासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली आणि डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापली. पाहणीत ९१६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्री करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात निम्म्यांना लागण होती. याचे कोणाला नवल वाटले नसेल. धक्का बसला तो उरलेल्या ३९१ स्त्रियांच्या आकड्याने. त्यांतल्या बहुतेक जणींचा नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी कधी संबंध आला नव्हता, तरी त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. या सगळ्या गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रिया होत्या, तेव्हा हा आकडा साऱ्या गावाला लावता येणार नाही. पण त्यांनी स्वतः काहीच केले नव्हते. लग्न केले होते, एवढेच.

त्यानंतर बरेच बदलले. लागणीचे प्रमाण उतरले आहे. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशातल्या प्रौढांमध्ये ते ०.२१ टक्के आहे. तरीही एचआयव्हीसह जगणाऱ्या देशातल्या सुमारे २४ लाख माणसांपैकी जवळजवळ ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात आहेत. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे या. नकाशा पाहिलात तर दिसेल की पुणे-नगर रस्ता शिरूरमधून जातो आणि पुणे-सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातून. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. सोलापूरची आणि मनमाडची वाट येथे फुटते. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे कारखाने. दौंडमध्ये कुरकुंभची औद्योगिक वसाहत, राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी, केडगाव-पाटस पट्ट्यात उसाची शेती आणि गुऱ्हाळे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, वीटभट्ट्या पेटतात. घरापासून लांब राहणारे पुरुष, पगाराचा किंवा उचलीचा दिवस, संध्याकाळची दारू आणि हायवेवरचा ढाबा किंवा लॉज. देहविक्री जेथे ठरलेल्या वस्तीत चालते तेथे निदान आरोग्य कार्यकर्ते पोहोचतात. आता बरेचसे मोबाईलवर जमते, तेथे कोण पोहोचणार?

येथे एक सांगून ठेवतो, कारण आपल्याच सभांमध्ये हे ऐकले आहे. विषय निघाला की लोक चौफुल्याच्या कलाकेंद्रांकडे बोट दाखवतात. लावणी करून पोट भरणाऱ्या कलावंत स्त्रीला सरसकट या यादीत बसवणे अन्याय आहे. दुसरे बोट उठते ते पारध्यांच्या, भिल्लांच्या पालांकडे. पैसे देऊन जाणारा पुरुष सर्व जातींचा आणि सर्व धर्मांचा असतो. आमच्या वस्त्यांतल्या माणसाकडे त्यासाठी लागणारे पैसेच बहुधा कमी असतात. गरीब आदिवासी बाई या व्यवहारात विकत घेतली जाण्याची शक्यता मात्र जास्त, आणि परगावी मजुरीला गेलेला तिचा नवरा मुकादमाच्या संगतीने तिकडे जाण्याचीही.

मग हे पुरुष तपासणी का करीत नाहीत? आम्ही पूर्वी समजत होतो की त्यांना माहिती नाही. मग पत्रके वाटली, भिंती रंगवल्या. पण विचारून पाहिले तर बहुतेकांना एचआयव्ही कसा होतो हे नीट सांगता येते. अडचण माहितीच्या पुढे आहे.

एक गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली. धोका आहे हे मान्य, पण तो दुसऱ्याला. "मी रस्त्यावरच्या बाईकडे जात नाही, माझी ठरलेली आहे." "ती धंद्यातली नाही हो, घरंदाज आहे, अडचणीपायी करते." "अंगानं चांगली आहे, आजारी दिसत नाही." "मी निरोध वापरतो." यातले शेवटचे वाक्य खरे असेल तर चांगलेच आहे, पण दारू चढल्यावर निरोध खिशातच राहतो हे तेच लोक पुढच्या दोन वाक्यांनंतर सांगतात. ठरलेल्या बाईच्या बाबतीत तर विश्वास हाच धोका ठरतो. ओळख वाढली की निरोध सुटतो. तिच्याकडे दुसरेही ठरलेले आहेत हे त्याला ठाऊक असते, पण त्याचा विचार त्याला नको असतो. एचआयव्ही झालेला माणूस आठ-दहा वर्षे अगदी धडधाकट दिसू शकतो. दिसण्यावरून काही कळत नाही, हे वाक्य भिंतीवर लिहून उपयोग नाही. ते शेजारी बसून सांगावे लागते.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि त्या भीतीला इतिहास आहे. नव्वदच्या दशकात लोकांनी माणसे वाळून मरताना पाहिली. भिंतीभिंतींवर कवटी आणि 'एड्स म्हणजे मृत्यू' अशी चित्रे होती. माझे मत विचाराल तर त्या चित्रांनी जेवढे लोक सावध केले त्याहून जास्त लोकांना तपासणीपासून पळवले. मरणच यायचे तर आधी कळून काय करायचे? आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुरुषाच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे. सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषध सुरू केले. २०१७ पासून तर तपासणीत लागण निघालेल्या प्रत्येकाला, तब्येत कशीही असो, औषध सुरू करतात. रोज गोळी नियमित घेणारा माणूस इतरांसारखा जगतो, कामावर जातो, नातवंडे पाहतो. औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोलाही लागण होत नाही. हे ऐकून किती पुरुष चकित होतात ते पाहिले म्हणजे वाटते, हेच आधी सांगायला हवे होते.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे: कोणी पाहिले तर? पुण्यात माणूस गर्दीत हरवतो. तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा शेजारच्या गावचा, नर्स मेहुणीची मैत्रीण, बाकावर बसलेली म्हातारी आत्याच्या गल्लीतली. एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्राची पाटी ठळक अक्षरांत लावलेली असते. त्या दारात उभा राहिलेला पुरुष पाच मिनिटांत सारा गुन्हा कबूल करून बसतो, निदान त्याला तसे वाटते. पाटीखाली उभे राहणे म्हणजेच कबुली. लागण असो की नसो, "हा तिथं कशाला गेला होता?" एवढा प्रश्न पुरे. मुलीचे लग्न अडेल, भावकीत बोलणे होईल. म्हणून काही जण तपासणी करायची झाली तर शहरात जाऊन, खाजगी प्रयोगशाळेत, दुसऱ्या नावाने करतात. तेथे कागद मिळतो, पण चार शब्द बोलणारे कोणी नसते. लागण निघाली तर पुढे कोठे जायचे हे कोण सांगणार? पुष्कळ जण त्या कागदाची घडी करून पाकिटात ठेवतात आणि तसेच घरी येतात.

आणखी एक पळवाट या भागात चालते, आणि ती धोक्याची आहे. नेत्यांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिरे होतात. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी होते, हे पुरुषांना माहीत असते. मग शंका आलेला माणूस रक्त देतो आणि निरोप आला नाही म्हणजे आपण सुटलो असे धरतो. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत काही दिसत नाही अशी शक्यता असते. त्या दिवसांत दिलेले रक्त कोणा बाळंतिणीला चढले तर? शंका असलेल्याने रक्तदान करू नये. केंद्रात जाऊन तपासणी करावी.

वेळ आणि मजुरी यांचाही हिशेब आहे. केंद्र सकाळी उघडते, त्या वेळी माणूस उसाच्या फडात किंवा पाळीवर असतो. एक दिवस बुडाला की रोज बुडतो, आणि मुकादमाला कारण सांगावे लागते. कारण काय सांगणार?

पारधी समाजाच्या बाबतीत एक वेगळी अडचण दिसते, ती आमच्या वाचकांनी समजून घ्यावी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला; तो १९५२ साली रद्द झाला, पण त्यांच्या मनातली नोंदवहीची भीती गेली नाही. सरकारी वहीत नाव लागणे म्हणजे पुढे कधीतरी पोलीस दारात येणे, हे आजोबांपासून ऐकलेले. तेथे आपण रजिस्टर उघडून बसलो आणि पुरुष पालामागून निघून गेले, तर दोष कोणाचा? ठाकर आणि भिल्ल वस्त्यांत भीती तेवढी नाही, पण दवाखान्यात मिळालेली वागणूक त्यांच्या लक्षात राहते. एकदा "लांब उभा राहा" असे कोणी म्हटले की पुढची दहा वर्षे त्या वाटेला कोणी जात नाही.

आमची एक चूक सांगतो. एका वस्तीवर आम्ही 'एचआयव्ही तपासणी शिबिर' असा मोठा कापडी फलक बांधला. बायका आल्या, म्हातारे आले. तरुण आणि कर्ते पुरुष लिंबाच्या झाडाखाली बसून लांबून पाहत राहिले. संध्याकाळी एक जण मोटरसायकल ढकलत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बोर्ड काढला असता तर मी आलो असतो." त्यानंतर फलक कधी बांधला नाही. आता शिबिरात आधी रक्तदाब, मग साखर, मग वजन, मग छातीची विचारपूस आणि त्याच रांगेत, पडद्याआड, समुपदेशक एचआयव्हीच्या तपासणीबद्दल विचारतो. हो म्हटले तर बोटाला टोचतो. नको म्हटले तर पुढे जायचे. पडद्यामागे कोणी काय सांगितले हे बाहेर कोणालाच कळत नाही, कारण पडद्यामागे सगळेच जातात.

विचारणे महत्त्वाचे आहे. सन २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि लागण आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. हे मालकांना, मुकादमांना आणि आपल्या पाळकांनाही ठाऊक हवे. काही ठिकाणी लग्न लावण्याआधी वधूवरांकडे एचआयव्हीचा दाखला मागतात. हेतू चांगला असेल, पण सक्तीचा दाखला आणि तो दप्तरात ठेवणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दोघांना बसवून समजावून सांगा, केंद्राचा पत्ता द्या, सोबत जा. निकाल त्यांचा.

तपासणी कशी होते हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून थोडक्यात लिहितो. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बोलतो. मग रक्ताचा थेंब घेतात. पहिल्या तपासणीत काही आढळले तर लगेच लागण ठरवत नाहीत. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या जुळल्या तरच निकाल देतात. बहुधा त्याच दिवशी कळते. निकाल सांगताना पुन्हा समुपदेशक बोलतो. धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. धोका कालच-परवाच झाला असेल तर वाट पाहू नये: ७२ तासांच्या आत, आणि जेवढ्या लवकर तेवढे बरे, डॉक्टरांना गाठले तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचे औषध सुरू करता येते का हे ते पाहतात. गुप्तरोगाची जखम, स्राव, गाठ असेल तर त्यावर उपचार करणे टाळू नये, कारण त्या जखमेतून एचआयव्हीला वाट सोपी होते. ज्याला समोर जाऊन विचारणे जड वाटते त्याच्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. नाव सांगावे लागत नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला मंदिरात आणून उभे केले, ही गोष्ट आपण कितीदा ऐकली आहे. धरले तेव्हा ती एकटी नव्हती. पण आणले तिला एकटीला. तो पुरुष कोठे होता याची कोणी चौकशी केली नाही. ही रीत काही त्या काळापुरती नव्हती. घोडनदी म्हणजे आपले शिरूर, इंग्रज फौजेची जुनी छावणी. त्या सरकारने १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा केला, तेव्हा देहविक्री करणाऱ्या बायकांची नोंद आणि सक्तीची तपासणी ठरवली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना त्या कायद्याने हात लावला नाही. वीस वर्षांनी तो रद्द झाला. त्यानंतर काही वर्षांनी आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनाजवळ कृपासदन उघडले आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्या स्त्रियांना घरात घेतले. त्या स्त्रियांना त्या वाटेला लावणाऱ्या पुरुषांसाठी मात्र कोणी काही उघडले नाही.

असे काही उघडावे असे मी म्हणत नाही. पण तपासणीला निघालेल्या पुरुषाला आपण काय विचारतो ते पाहा. "का रे, काय केलंस?" हा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो, पाळकांच्याही. आणि तो ऐकला की माणूस परत फिरतो. पापाची कबुली आणि रक्ताची तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. पहिली त्याची आणि देवाची. तिला वेळ लागेल, कदाचित वर्षे लागतील. दुसरीला तितका वेळ नाही, कारण घरात बायको आहे आणि उद्या ती गरोदर राहील. आधी तपासणी होऊ द्या. समुपदेशकही 'का' विचारत बसत नाही. केव्हा आणि काय, एवढेच विचारतो, तेही पुढचे ठरवण्यासाठी.

काही जण म्हणतील, अशाने पापाला मोकळीक मिळते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण वस्त्यांवर फिरताना पाहिले आहे ते असे की भीतीने कोणी पैसे देऊन जायचे थांबला नाही. तपासणी मात्र थांबली. ज्याने तपासणी केली, ज्याच्याशी कोणी शांतपणे बोलले, त्याच्याशीच पुढचे बोलणे शक्य झाले. लागण नाही असे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकून बायकोसमोर रडलेला माणूस पाहिला आहे. लागण आहे असे कळल्यावर स्वतः तिला घेऊन केंद्रात आलेलाही पाहिला आहे. त्याला हे सोपे गेले नाही. तिला तर त्याहून कठीण गेले. तिने त्याला माफ केले की नाही हे मी विचारले नाही. दोघांच्या गोळ्या चालू आहेत, आणि धाकटे मूल तपासणीत निर्दोष निघाले.

ज्या घरात लागण आहे त्या घराशी कसे वागायचे, हाही प्रश्न मंडळीत येतो. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने, प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून घेतल्याने एचआयव्ही होत नाही. त्या बाईचा प्याला वेगळा ठेवला असेल तर पुढच्या रविवारी तो उचलून टाका, काही न बोलता.

सभेत या पाठावर बोलताना दोन-तीन प्रश्न घ्यावेत. आपल्या ओळखीच्या पुरुषाला तपासणी करायची झाली तर आपल्या गावातून तो कोणालाही न सांगता केंद्रापर्यंत कसा पोहोचेल? वाटेत त्याला कोण कोण भेटेल? आणि त्याने सोबत चल म्हटले तर आपल्यापैकी कोण, कारण न विचारता, जाईल? तिसऱ्या प्रश्नाला हात वर करायला लावू नका. ज्याला जायचे असेल तो सभेनंतर भेटेल.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येऊ लागतील. त्या काळात संध्याकाळी, पुरुष फडावरून परतल्यावर, वस्त्यांवर आणि टोळ्यांच्या तळावर साधी आरोग्य शिबिरे घ्यायचा विचार आहे. रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे, पडद्यासाठी जाड कापड आणि दोन पेट्रोमॅक्स किंवा चार्जिंगचे दिवे हवे आहेत. त्याहून जास्त गरज आहे ती संध्याकाळी दोन तास येऊ शकणाऱ्या पुरुष स्वयंसेवकांची. आतापर्यंत नाव देणाऱ्या बहुतेक बहिणीच आहेत.